लाजवंती मॅडमची पाणपोई

अंबरनाथ पूर्वेला एका पिठाच्या गिरणीवर लाजवंती मॅडमचा टायपिंगचा क्लास होता. खाली गिरणी, वर ओळीने मांडलेले टाइपरायटर. शांतता या वस्तूशी त्या इमारतीचा संबंधच नव्हता. गिरणीतलं पीठ जिन्याने वर यायचं आणि यंत्रांवर बसायचं. मॅडम सकाळी आल्या की आधी एकेक यंत्र पुसायच्या, मग स्वतःचा चष्मा पुसायच्या आणि खुर्चीत बसून म्हणायच्या, "चलो पुट, अब देखना बंद करो."

हे 'देखना बंद' म्हणजे त्यांच्या शिकवण्याचा कणा. प्रत्येक यंत्राला त्यांच्या आईने भरतकाम केलेलं एक फडकं बांधलेलं असे. हात फडक्याखाली घालायचे आणि अक्षरांकडे न बघता टाइप करायचं. फडकं उचलून चोरून बघणाऱ्याच्या मनगटावर मॅडमची पट्टी बसायची, पण इतकी हळू की पोरं मुद्दाम बघायची. 'पुट' म्हणजे सिंधीत मुलगा. मॅडमना सगळं जग पुट होतं. बढतीच्या परीक्षेसाठी टायपिंग शिकायला येणारे टक्कल पडलेले कारकूनसुद्धा पुट, आणि मीही पुटच. मी तिथे सकाळ-संध्याकाळ मराठी टायपिंग शिकवायचे.

सरावाच्या ओळी त्यांनी स्वतः निवडल्या होत्या. दुसऱ्या क्लासमध्ये मुलं तेच ते कोल्ह्या-कुत्र्याचं इंग्रजी वाक्य बडवायची. आमच्याकडे गीतेतलं, कुराणातलं, बायबलमधलं, धम्मपदातलं, गुरुबाणीतलं एकेक वाक्य इंग्रजीत टाइप करावं लागे. शहाडचे एक गृहस्थ यावरून तणतणत वर आले होते. त्यांचा मुलगा घरी जेवताना 'अल्ला दयाळू आहे' असं पुटपुटत बोटं वाजवत बसला होता म्हणे. मॅडमनी त्यांना बसवलं आणि पुढे पापड आणि पाणी ठेवलं. सिंध्यांच्या घरी येईल त्याच्यापुढे आधी हेच येतं. आता भाजलेला पापड खाताना माणसाला भांडता येत नाही. आवाज पापडाचाच जास्त होतो. गृहस्थांनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा कुर्रकुर्र झालं.

"उंगली को क्या मालूम, हा कोणाचा देव आहे?" मॅडम म्हणाल्या. "तुमचा मुलगा स्पेलिंग चुकत नाही, बस. दयाळू तर दयाळू. उसमें नुकसान किसका?"

दुसरा पापड संपवून गृहस्थ निघून गेले. मुलगा पुढे परीक्षा पास झाला आणि वडीलच पेढे घेऊन आले.

मॅडम राहायच्या उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये, जुन्या बराकीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच एक माठ दिसला, त्यावर पितळी डाव. येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावं म्हणून त्यांच्या आईने फाळणीनंतर इथे आल्या आल्या तो मांडला होता. स्वतःच्या घरात ताट-वाटी नव्हती तेव्हाचा. आत फळीवर सिंध्यांचा देव झुलेलाल, शेजारी रुमालात गुंडाळलेला ग्रंथसाहेब आणि त्याला टेकून सिंधमधल्या कुठल्या तरी पिराच्या दर्ग्याचं पिवळं पडलेलं चित्र. तिघांना मिळून एकच उदबत्ती. आईने मला गाव विचारलं, जेवलीस का विचारलं, आडनाव विचारलं नाही. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लहानपणापासून बघत आले आहे, आणि आमच्या घरात पाण्याचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी तहान नसताना त्या माठातलं दोनदा पाणी प्यायले.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत टाइपरायटर मागे पडू लागले आणि मॅडमनी एक कॉम्प्युटर घेतला. त्यांच्या भाच्याने तो आतल्या खोलीत बसवला आणि सोबत एक मोडेमही जोडून दिलं. इंटरनेट हा शब्दही तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. पण ज्याच्याकडे कॉम्प्युटर, मोडेम आणि फोन असेल त्याने क्लासचा नंबर फिरवला की दोन्ही यंत्रं एकमेकांवर किंचाळायची आणि मग त्याच्या पडद्यावर आमच्या यंत्रातला मजकूर उमटायचा. इतरांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहायचं, फोन ठेवायचा. मग दुसरा येणार. एका वेळी एकच, कारण फोनची लाइन एकच. भाचा म्हणाला, लोक यावर गेम आणि गाणी ठेवतात. मॅडम म्हणाल्या, "मला माणसं ठेवायची आहेत."

कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं, देवाबद्दल मनात असेल ते विचारावं, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं, एवढीच त्यांची कल्पना. डिसेंबर-जानेवारीतल्या त्या दंगलींना फार वर्षं झाली नव्हती. ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की जपून बोलायची. मॅडमना याचा फार त्रास व्हायचा. "सामने बैठकर बोलने में डर लगता है ना," त्या म्हणायच्या, "तर मग न बघता बोला. देखना बंद."

नाव मी सुचवलं: पाणपोई. तिथेही एका वेळी एकाचीच ओंजळ पुढे येते. मॅडम खूश झाल्या आणि म्हणाल्या, "मेरी माँ का मटका."

नियम दोन. आडनाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. हवं ते टोपणनाव घ्या. आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही. हा दुसरा नियम त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की मी म्हणायचे, "मॅडम, कळलं, मी काही दारात काठी घेऊन बसलेली नाही." तिसरा नियम नाइलाजाचा होता. फोन फक्त दुपारी, बॅच नसताना मोकळा असायचा, म्हणून प्रत्येकाला वीस मिनिटं. वेळ संपली की यंत्र आपोआप लाइन कापायचं आणि अर्धवट लिहिलेलं पुसून जायचं. शंकासूर नावाने येणाऱ्या अंबरनाथच्या एका इंजिनिअरचे दोन लांबलचक निबंध असे गेले. त्याबद्दल कुणी अश्रू गाळले नाहीत.

आणखी एक गोष्ट होती, तिला नियम म्हणता येणार नाही. आलेला माणूस काय टाइप करतो आहे ते आमच्या पडद्यावर अक्षर-अक्षर दिसायचं. मॅडमना ते आवडेना. दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कान लावू नये, असं त्यांचं मत. म्हणून मॅडम दुपारी पडद्यावर आईच्या हातचं फडकं टाकायच्या आणि बाहेर येऊन डबा उघडायच्या. चार वाजता बॅच यायच्या आधी आत जाऊन कोण आलं, काय लिहून गेलं ते वाचायच्या. मराठी-हिंदी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं.

ते दिवस फार छान होते, हे मला सरळ सांगू दे. शहाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून 'मुसाफिर' यायचा. शंकासूरने त्याला विचारलं, "देव नसलाच तर तुमचा उपास कुणाच्या खात्यात जमा होतो?" मुसाफिरने लिहिलं, "माझ्याच. भूक मलाच लागते." मॅडमनी हे वाचलं आणि डब्यात उरलेल्या कोकीचा, त्या जाड सिंधी पोळीचा, घास हातात धरून इतक्या हसल्या की खालून गिरणीवाला बघायला आला. पुढे शंकासूरने खरंच एक दिवस उपास करून पाहिला आणि दुसऱ्या दुपारी त्यावर तिसरा निबंध लिहिला. हा वेळेत बसला.

मग 'पाहुणा' येऊ लागला.

हे नाव घेऊन कुणीतरी रोज बरोबर एक वाजता यायचं, पुरी वीस मिनिटं थांबायचं आणि एक शब्दही न लिहिता जायचं. सुरुवातीला मॅडमना कौतुक वाटलं. "सुनने वाला भी चाहिए," त्या म्हणाल्या. पण एक वाजताची वेळ बाकीच्यांच्याही जेवणाच्या सुट्टीची. त्यांना लाइन मिळेना. शंकासूरने कुरकुर केली. आणि मग मुसाफिरने लिहिलं, ते गमतीचं नव्हतं. रोज येणारा, सगळं वाचणारा आणि तोंड न उघडणारा हा माणूस कोण आहे? आमच्यावर पाळत तर नाही ना? मला बायको-मुलं आहेत. तो राहणार असेल तर मी येणार नाही.

मॅडम ते वाचून बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "क्या करूं?" मी म्हटलं, "पाणपोई तुमची आहे मॅडम, तुम्हीच ठरवा." त्यांनी ठरवलं तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच. पाहुण्याच्या नावे निरोप ठेवला: आपण कोण आहात, कृपया दोन ओळी लिहा, नाही तर मला दार बंद करावं लागेल. दुसऱ्या दिवशी पाहुणा एक वाजता आला. फडक्याखाली पडदा वीस मिनिटं उजळून होता. चार वाजता मॅडम धावतच आत गेल्या. काही नव्हतं. एक अक्षर नाही.

त्यांनी त्याचं नाव बंद केलं. यंत्र ते नाव पुन्हा आत घेणार नव्हतं. त्या संध्याकाळी त्या कुणाला पुट म्हणाल्या नाहीत. मुसाफिर परत आला, गप्पा सुरू झाल्या, आणि मॅडम आपण केलं ते बरोबरच केलं असं मला अधूनमधून सांगत राहिल्या. मी विचारलेलं नसताना.

पावसाळा सरता सरता एके दुपारी एक वयस्क गृहस्थ क्लासचा जिना चढून आले. पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन. नाव, गाव, आडनाव सगळं रीतसर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पाणपोईचा नियम म्हणून. बदलापूरला कात्रपमध्ये राहणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मॅडमनी पापड-पाणी पुढे ठेवलं.

"टायपिंग शिकायचंय," ते म्हणाले. "अक्षरं इंग्रजी, पण मजकूर मराठी. जमेल ना?"

"जमेल की," मी म्हटलं. "पण काका, आता कशाला हा उपद्व्याप?"

"एका ठिकाणी उत्तर द्यायचं राहिलंय. उत्तर न देता निघून जाणं बरं दिसत नाही." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "कॉम्प्युटरवर एक जागा आहे. पाणपोई म्हणून. मुलगा परदेशी गेला, त्याने त्याचा कॉम्प्युटर मला लावून दिला. एक बटण दाबलं की ती उघडते, एवढंच मला येतं. ती कुठे आहे, चालवणाऱ्या बाई कोण, मला काही ठाऊक नाही."

मॅडमच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"आमची ही अंथरुणाला खिळली होती," काका सांगत होते. "रोज एक वाजता तिचं जेवण झालं की मी तिला ते वाचून दाखवायचो. तिला तो मुसाफिर फार आवडायचा. हिचं माहेर कोकणातलं, मुसलमान. लग्नानंतर तिने नाव बदललं. मी 'बदल' म्हटलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नाही. कात्रपला कुणाला माहीत नाही. आजारपणात मात्र तिला जुनं आठवायला लागलं. लहानपणी ताप आला की तिचे वडील उशाशी बसून काहीतरी म्हणायचे आणि कपाळावर फुंकर घालायचे. 'तेवढं म्हणा ना,' म्हणायची. मला कुठलं येतंय? आणि विचारायचं कुणाला? आपण कोण म्हणून सांगायचं? तेव्हा म्हटलं, पाणपोईवर नाव सांगावं लागत नाही. मुसाफिरना विचारावं."

"मग विचारलं का नाही?" मॅडमचा आवाज मला ओळखू आला नाही.

"रोज विचारत होतो हो!" काका ओशाळून हसले. "पण परक्या माणसाला एकदम कसं विचारणार? आधी नमस्कार, मग क्षेमकुशल, मग आपण कोण, त्रास देतोय त्याबद्दल क्षमा. त्यात तिला वाचून दाखवण्यातच अर्धा वेळ जायचा, आणि माझं एकच बोट. क्षमेपर्यंत आलो की लाइन जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कारापासून. एकदा तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोण, दोन ओळी लिहा. रास्तच होतं त्यांचं. त्या दिवशी हिला वाचूनसुद्धा दाखवलं नाही, थेट लिहायला बसलो. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आपली विचारणा पोचली, उत्तरास विलंब झाल्याबद्दल' इथवर आलो, आणि संपली वेळ. दुसऱ्या दिवसापासून यंत्राने आत घेतलं नाही."

मी खाली बघत होते. त्यांनी स्वतःच पुढचं सांगितलं.

"ती गेली. शेवटपर्यंत विचारायची, आज मुसाफिरने काय लिहिलंय? मी म्हणायचो, लाइन बिघडलीय. आता हात जरा चालायला लागला की त्या बाईंना कळवीन, की मी कुणी वाईट माणूस नव्हतो."

मॅडम उभ्या राहिल्या. मला वाटलं, आत निघून जातील. तसं केलं असतं तरी मी त्यांना नावं ठेवली नसती. पण त्या काकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ती बाई मी आहे."

काकांनी पापड उचलला, मोडला आणि न खाता दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले. पाणी मात्र सगळं प्यायले. मग म्हणाले, "तुम्ही विचारलं होतंत. मलाच वेळेत सांगता आलं नाही."

ते उठले. मॅडम त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेल्या. "काका, आप आओ, कितना भी टाइम लो, मी वेळच काढून टाकते," असं काहीबाही बोलत होत्या. काका कठड्याला धरून उतरत होते. खालच्या पायरीवरून त्यांनी वर पाहिलं. "आता विचारायचं काही राहिलं नाही, बाई," ते म्हणाले.

मला आजही वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. हळू हात ओळखण्यात मॅडमचा सगळा जन्म गेला होता. कुठल्या मुलाचं कुठलं बोट अडखळतंय हे त्या पाठमोऱ्या बसून नुसत्या आवाजावरून सांगायच्या. एकदा, फक्त एकदा त्यांनी ते फडकं उचललं असतं तर एका बोटाने 'सप्रेम नमस्कार' गिरवणारा तो माणूस त्यांना तत्क्षणी कळला असता. पण दुसऱ्याचं चोरून बघू नये म्हणून त्यांनी ते टाकलं होतं, आणि त्यांच्या त्या भलेपणाचा मला तेव्हा रागही आला होता.

त्यांनी नाव गाव वगळून सगळी हकिकत पाणपोईवर लिहिली. मुसाफिर बरेच दिवस फिरकला नाही. मग एकदा येऊन त्याने तीन ओळी लिहिल्या: या शुक्रवारी त्या बाईंसाठी तेवढं म्हटलं. नाव माहीत नाही, वरच्याला माहीत असेल. उशीर केला, तो मी केला. त्यानंतर तो आला नाही.

वीस मिनिटांचा नियम मॅडमनी काढून टाकला. पडद्यावरचं फडकंही काढलं आणि दुपारचा डबा आत बसून खाऊ लागल्या, पडद्याकडे बघत. पाहुणा हे बंद केलेलं नावही त्यांनी पुन्हा उघडलं होतं. त्या नावाने कुणी आलं नाही. त्या दिवसांत त्यांनी मला एकदा विचारलं, "मराठी चिट्ठी कैसे शुरू होती है? पूरा बता." मी मायना सांगितला, वडीलधाऱ्यांना काय, परक्याला काय, सगळं. त्यांनी ते इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलं. मला वाटलं, काकांना पत्र लिहिणार असतील.

पुढे मला बदलापूरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि मी क्लास सोडला. उल्हासनगरात नाक्यानाक्यावर सायबर कॅफे झाले. जगभरातल्या माणसांशी एकाच वेळी बोलता येऊ लागल्यावर एका लाइनीच्या पाणपोईवर कोण रांग लावणार? शंकासूरही गेला.

दशक संपता संपता मी एकदा सहज डोकावले. टाइपरायटर भंगारात गेले होते, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले होते. पीठ तेवढं तसंच होतं. दुपारची वेळ. मॅडम आतल्या खोलीत त्या जुन्या यंत्रासमोर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, मांडीवर डबा. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली, पापड घेतला, पाणी ओतलं.

पडद्यावर पाणपोईचं दार उघडं होतं. पूर्वी तिथे नियम यायचे. आता इंग्रजी अक्षरांत असं लिहिलेलं होतं:

सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपण कोण हे सांगायची गरज नाही. इकडे सर्व क्षेम आहे. क्षमा मागू नये, ती आम्ही मागतो. आपल्याला काय विचारायचं आहे?

त्याच्या पुढे छोटी पांढरी रेघ लुकलुकत होती.

"अब सीधा सवाल लिख सकता है," मॅडम म्हणाल्या. "एक उंगलीवाला भी."

"कुणी येतं का मॅडम?"

त्यांनी पापडाची ताटली माझ्याकडे सरकवली. जिन्यात चारच्या बॅचची मुलं जमली होती, दंगा करत होती. त्यांतल्या एकीने दारातून डोकं आत घालून विचारलं, "मॅडम, आम्हाला आत घ्या ना, चार वाजले."

"पाच मिनट, पुट," मॅडम म्हणाल्या, आणि पडद्याकडे बघत राहिल्या.